दोनदा जळलेली मोटर

खांदा कॉलनीत माझं मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान होतं. खाडीकाठच्या बर्फाच्या कारखान्यातली मोटर महिन्याभरात दुसऱ्यांदा जळून आली, तेव्हा मालकाचा फोन आला.

"ताई, जमत नसेल तर सांगा. दुसरीकडे देतो."

मी मोटर उघडली. वाइंडिंगमध्ये खोट असती तर एकाच जागी जळलं असतं. इथे एका फेजच्या सगळ्या कॉइली सारख्या काळ्या, बाकीच्या दोन फेजच्या कोऱ्या. पहिल्या वेळीही असंच होतं; तेव्हा मी लक्ष दिलं नाही, ही चूक माझीच. मोटरला तिन्ही फेज सारखे मिळत नव्हते.

मोटरमध्ये नवी तार भरली आणि बसवायला स्वतः गेले.

"केबलला मेगर लावून बघितलंय," मालक म्हणाला. "चांगली आहे."

मेगर खोटं बोलत नव्हता. पण तारेवरचं आवरण धड आहे की नाही, एवढंच तो सांगतो. आतली तार कुठे अडते, ते नाही. मी मोटर चालू करून मोजलं. पॅनलवर तिन्ही व्होल्टेज सारखी. मोटरपाशी एका फेजवर तीस व्होल्ट कमी. लगेच बंद करायला लावली.

केबल अंगणाखालून येत होती. मालक खणू देईना. मशीन चालवणारे काका जवळच्या कोळीवाड्यातले, त्यांना विचारलं, "इथे कधी खोदकाम झालं होतं?"

ते मालकाकडे वळले. "शेठ, गेटचा खांब लावताना केबल तुटली व्हती. जोडून बुजवली. तुमाला कुनी सांगितलं नाय."

"खड्डा मी बुजवून देईन," मी म्हणाले, "पण बघितल्याशिवाय जाणार नाही."

कुदळ काकांनीच घेतली. गुडघाभर खाली जोड सापडला, अजून गरम. वरून टेपचे थरावर थर, म्हणून मेगरला काही दिसलं नाही. आत एका तारेची टोकं जोडणारी धातूची नळी नुसती सरकवलेली, दाबलीच नव्हती. तिथलं ॲल्युमिनियम काळं पडलं होतं.

तो जोड कापून मी नवा केला. मोटर चालवून पुन्हा मोजलं. तिन्ही फेज सारखे.

"वाइंडिंग तुमचं ठीकच होतं," मालक पुटपुटला.

"माझं काम खराब म्हणून ज्यांना ज्यांना सांगितलंत, त्यांनाही हे सांगा," मी म्हणाले. सांगितलं की नाही, कोण जाणे.

निघताना पॅनलमधला रिले बघितला; जास्त करंट गेला की तो मोटर बंद करतो. सेटिंग पार वर चढवलेलं. काका हळूच म्हणाले, "मीच चढवलं. सारखी ट्रिप व्हायची. बर्फ थांबला तर आमच्या बोटी थांबतात."

मी ते जागेवर आणलं. "आता ट्रिप झाली तर याला हात लावू नका, मला बोलवा."

पावसाळ्यात एकदा ट्रिप झाली, तेव्हा सेटिंगला हात न लावता त्यांनी बोलावलं. मोटर ठीक होती; तिच्या मागच्या पंख्यात चिंधी अडकली होती.