असल्यास

कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात दाराशी टेबल टाकून बसणाऱ्या बाईंना सगळे रकानेबाई म्हणत. बावीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज भरले. कुणाचा पेन्शनचा, कुणाचा नळजोडणीचा. नियम एकच, रकाना रिकामा सोडायचा नाही. "रिकामा रकाना म्हणजे कारकुनाच्या हाती आयतं कोलीत," त्या म्हणत. अर्जात कुठे 'असल्यास' दिसलं की डोळे मिचकावत, "असल्यास म्हणजे असायलाच हवं. शोधा काहीतरी." लोक हसत, शोधत, आणि अर्ज मंजूर होत. तिथेच बाई फसल्या.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीला भूकंपांचा अभ्यास करायचा होता. तो विषय शिकवणारं सरकारी विद्यापीठ शेजारच्या राज्यात होतं. बाहेरच्या राज्यांतल्या मुलांसाठी तिथे चौदा जागा, आणि तिचे गुण पाहता एक जागा तिची ठरल्यासारखीच होती. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिनं अर्ज स्वतः भरला. फक्त सतरावा रकाना सोडला, 'या राज्यातील पत्ता, असल्यास.' ती पाणी प्यायला उठली आणि बाई खुर्चीत बसल्या. रिकामी जागा बघून त्यांचा जीव खालीवर झाला. सख्खा भाऊ तिकडेच राहत होता. त्याचा पत्ता टाकला आणि 'पाठवा' दाबलं.

"आई, पाठवलास पण?"

"पाठवला. एक नजर टाकली फक्त."

आठवड्यानं मेसेज आला, 'आपला अर्ज स्थानिक रहिवासी गटात वर्ग करण्यात आला आहे.' बाईंना वाटलं, बरंच झालं, स्थानिकांना जागा जास्त. मुलगी मात्र पुन्हा पुन्हा वाचत राहिली. "आपण तिकडचे कधीपासून झालो गं?"

बाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं. पण त्या दिवसापासून फोन वाजला की हातातला अर्ज सोडून आधी तो बघायच्या.

दुसरा मेसेज सकाळी आला, बाई एका गिऱ्हाइकाचं नाव लिहीत असताना. रहिवासी दाखला सात दिवसांत द्या, नाहीतर अर्ज बाद. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, दाखल्याचं मी बघतो. आपला माणूस आहे आत." बाईंनी फोन ठेवून दिला. असा दाखला लावणारे दोघे त्यांनी पाहिले होते. दोघांची चौकशी करायला पोलीस याच टेबलाशी आले होते.

सहा दिवस त्या गप्प राहिल्या. सातव्या दिवशी मुलीला सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

"तो रकाना मी विसरले नव्हते, आई. आपलं तिकडे कुणाचंच घर नाही, मामाचं आहे. म्हणून सोडला होता."

विद्यापीठातला कारकून फोनवर गोड बोलला. दुरुस्तीचा अर्ज आहे म्हणाला, पाच वाजेपर्यंत पाठवा. दोघी टेबलाशी बसल्या. एकच पान होतं. नाव, क्रमांक, दुरुस्ती, आणि शेवटचा रकाना, 'चूक कोणाकडून झाली?' त्याखाली बारीक अक्षरांत होतं, 'चुकीची माहिती अर्जदाराने दिली असल्यास, किंवा अर्ज अन्य कोणी भरला असल्यास, अर्जदार तीन वर्षे अपात्र. अपूर्ण अर्ज विचारात घेतला जाणार नाही.'

बाईंनी ते तीनदा वाचलं. लोकांचे एवढे अर्ज त्यांनी सोडवले होते, यातून वाट दिसेना. मुलीचं नाव लिहिलं तरी तीन वर्षं, आईचं लिहिलं तरी तीनच.

"काय लिहू?" मुलीनं विचारलं.

भिंतीवर पाचला दहा कमी होते. दारातून कुणीतरी विचारलं, "रकानेबाई, आमचा अर्ज बघता का जरा?"

"रिकामा सोड," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "पाठवूच नको. एवढं वर्ष जाईल. तीन तरी जायची नाहीत."

मुलीनं पेन खाली ठेवला. पर्स उचलली, दारापर्यंत गेली आणि तिथूनच म्हणाली, "पुढच्या वर्षी मी अर्ज भरेन तेव्हा तू दुकानात थांबू नकोस."