बाईंचे प्रधानजी

आमच्या घरी एका इंग्रज पंतप्रधानाला सख्ख्या काकाइतका मान होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, इतिहासाचे शिक्षक. इंग्रजांना शिव्या घालण्यात ते कुणाला हार जायचे नाहीत, पण हा एक माणूस त्यांनी वेगळा काढून ठेवला होता. अठरा वर्षांची पोर राणी होते आणि साठीकडे झुकलेला हा गृहस्थ रोज तिच्यासमोर बसून तिला राज्य करायला शिकवतो, ही गोष्ट आमच्याकडे आंबे चोखतानासुद्धा सुरू व्हायची. त्याच्या बायकोने त्याची अब्रू वेशीवर टांगली, एकुलता एक मुलगा जन्मभर आजारी राहून गेला. "असा सगळीकडून रिकामा झालेला माणूस," अण्णा म्हणायचे, "आणि त्याच्या पदरात देवाने राणी टाकली बघ." मग पुढे तो जेवणानंतर राजवाड्यातच कसा घोरत पडायचा, ते स्वतः घोरून दाखवायचे.

मला हे सगळं लहानपणी आवडायचं. मुख्याध्यापिका झाले आणि अंगावर काटा यायला लागला.

रत्नागिरीत मुलींच्या एका शाळेची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मी तिशीच्याही आत होते. अण्णा नुकतेच निवृत्त झाले होते आणि आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पहिल्या आठवड्यात ते मला शाळेपर्यंत सोडायला आले. दुसऱ्या आठवड्यात आत येऊन बसले. मग टेबलासमोरची खुर्ची त्यांचीच झाली. पान जमवायचं, टोपी मांडीवर ठेवायची आणि "एक सुचलं, सांगू का?" म्हणून सुरुवात करायची. शिक्षिका दारातून डोकावून परत जायच्या. एक दिवस मला उशीर झाला, तर शिपाई गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "प्रधानजी कधीचे येऊन बसलेत, बाई." मागे कुणीतरी फसकन हसलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण अण्णांना सुचायचं ते खरंच बरं असायचं, आणि तीच माझी अडचण होती. भाट्याच्या खाडीपलीकडून आमच्याकडे काही मुसलमान मुली यायच्या. बाप गलबतांवर नाहीतर मुंबईला. त्या वर्षी एकेक मुलगी शाळा सोडायला लागली. मी घरच्यांना दोष देऊन मोकळी झाले. अण्णा मात्र धक्क्यावर जाऊन तर, म्हणजे खाडीपारची होडी, चालवणाऱ्याशेजारी बसून आले. तो म्हणाला होता, "पुनवेला नि अवसेला सांजचं पाणी पार खाली जातंय, मास्तर. तर चिखलात बसते. पोरी काळोख पडेस्तोवर धक्क्यावर. मग कोण धाडील?" अण्णांनी तोडगा सांगितला: त्या दिवसांत गणित-इंग्रजी आधी घ्यायचं, शिवण आणि गाणं शेवटी ठेवायचं, आणि पलीकडच्या मुलींना पाणी उतरायच्या आत सोडायचं. महिन्याभरात मुली परत आल्या. गावात बोलबाला झाला तो माझा.

मी तो होऊ दिला. मला अजून नोकरीत कायम केलेलं नव्हतं.

संस्थेचे अध्यक्ष वकील होते, गोड बोलून गळा कापणारे. त्यांनी मला बोलावून विचारलं, "बाई, शाळा तुम्ही चालवता की तुमचे वडील? मंडळींत चर्चा आहे. आम्हाला एक मुख्याध्यापिका हवी, दोन नकोत." कायम करायचं की नाही ते महिनाअखेर ठरणार होतं. आणि नेमक्या त्याच महिन्यात वाचनालयाच्या व्याख्यानमालेत अण्णांना बोलावणं आलं. विषय त्यांनी कोणता निवडला असेल ते सांगायला नको. व्याख्यानाला अध्यक्षही हेच वकील.

"अण्णा, विषय बदला," मी म्हटलं.

"का? इतिहास आहे तो."

"लोक हसतात."

"इंग्रजाला?"

"तुम्हाला. आणि मला."

त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला. विषय मात्र बदलला नाही.

त्या संध्याकाळी मी बायकांच्या बाजूला मान खाली घालून बसले. अण्णा बोलले मात्र छान. राणीला तो टपाल कसं वाचायचं शिकवतो, कुणावर विश्वास ठेवायचा ते सांगतो, हे चाललं असताना माना माझ्याकडे वळत होत्या आणि मी पदराच्या काठाशी चाळा करत होते. मग राणीचं लग्न झालं. नवऱ्याचं टेबल तिच्या टेबलाशेजारी आलं. निवडणुकीत पंतप्रधान हरला आणि त्याच्या जागी विरोधी पक्षाचा माणूस आला. तेव्हा या गृहस्थाने त्या विरोधकालाच निरोप धाडला, की राणीला प्रत्येक गोष्ट सोप्या शब्दांत नीट समजावून द्या, म्हणजे तुमचं तिच्याशी जमेल. पुढे अंग लुळं पडलं, तरी पुन्हा बोलावणं येईल म्हणून तो वाट बघत राहिला. अण्णांचा आवाज इथे चिरकला. मी मनात म्हटलं, आता रडू नका, कृपा करा.

ते रडले नाहीत. पण समारोपाला उठलेल्या वकिलांनी संधी सोडली नाही. "गुरुजी, आपल्या गावातली राणी कुणाचा सल्ला घेते म्हणायची? ती भरती-ओहोटीची युक्ती नक्की कुणाची?"

सभागृह खदखदून हसलं.

अण्णांनी टोपी सारखी केली. "तिची," ते म्हणाले. "मी तर नको नको म्हणत होतो. म्हटलं, चार पोरींसाठी वेळापत्रक कसलं बदलतेस? माझं ऐकलं असतं तर शाळेचं वाटोळं झालं असतं. घरी रिकामं बसवत नाही म्हणून येऊन बसतो झालं, आणि ती बिचारी चालवून घेते."

केवढे हसले लोक! वकील तर खोकेपर्यंत हसले, आणि मग माझ्याकडे बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. मी उठून हात जोडले. त्या क्षणी मला वाईट वाटलं असं सांगायला आवडेल, पण मला हायसं वाटलं होतं. आता मला कायम करणार, एवढंच डोक्यात होतं.

घरी जाताना अण्णा माझ्यापासून थोडे मागे राहून चालत होते. लोक अजून रस्त्यात होते म्हणून असेल. आमच्या गल्लीत वळल्यावर त्यांनी मला गाठलं आणि विचारलं, "बरं झालं ना गं भाषण?"

"शेवट लांबला जरा," मी म्हटलं.

"हो, तेवढं खरं," ते म्हणाले. "छोटा करायला हवा होता."