जीपची किल्ली

लहान मुलांच्या अतिदक्षतेचं शिक्षण घ्यायला मी मोठ्या शहरात गेले. मुलाखतीत एका सरांनी विचारलं, "शिकून काम कुठं करणार?"

"परभणीत."

ते हसले. "तिथं काय करणार? तिथले डॉक्टर नुसत्या चिठ्ठ्या लिहितात, पुढं न्या म्हणून."

माझं डोकंच फिरलं. पण खोटं काय होतं त्यात? आमच्याच जिल्ह्यातल्या पालमला इंटर्न असताना मीही तेच केलं होतं. त्यातली एक चिठ्ठी एका बापानं दुसऱ्या दिवशी परत आणून माझ्या टेबलावर ठेवली. "लागलीच न्हाई ही. रस्त्यातच गेलं पोरगं." एवढंच बोलला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिकवणाऱ्या मॅडम लय कडक. पहिला महिनाभर त्यांनी व्हेंटिलेटरला हातच लावू दिला नाही. हातानं पिशवी दाबून श्वास द्यायचा, नजर पोराच्या छातीवर. बोटं आखडायची. मधेच कुणी म्हणालं, "मॅडम, दुसऱ्या दवाखान्यात हलवू या का याला?" की त्या कडाडायच्या, "आधी सावर त्याला! रस्ता म्हणजे औषध आहे का?"

परभणीत परत येऊन दोनच महिने झाले होते. सकाळी पोखर्णीहून चार वर्षांची पोर आली. सोयाबीनच्या पोत्याखालचा विंचू चावलेला. अंग घामानं थबथबलेलं, हातपाय गार, तोंडाला फेस. आजोबांनी जीप दारातच चालू ठेवलेली.

"म्याडम, चिठ्ठी द्या पटकन. नांदेडला नेतोत."

आमच्याकडं हीच रीत. मोठा दवाखाना म्हणजे पुढचा दवाखाना. माझ्यासोबतचे डॉक्टर कानाशी लागले, "लिहून द्या हो. इथं काही झालं तर दवाखाना फोडतील. कशाला आ बैल मला मार?"

पोरीचे ओठ निळे पडत होते. या अवस्थेत ती नांदेड बघणार नव्हती. मी बाहेर गेले, जीपची किल्ली काढली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली.

"ओ म्याडम! काय करायलाव तुमी?"

"आजोबा, आत्ता हलवली तर वाटेतच जाईल. ती इथंच राहणार. भांडायचं असलं तर नंतर भांडा."

आत येऊन श्वासाची नळी घातली. मशीन लागेपर्यंत पिशवी मीच दाबली. भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्या हसणाऱ्या सरांचा, त्या परत आलेल्या चिठ्ठीचा असा काही राग आला होता की हात थांबेचना. बघतेच म्हटलं, कोण नेतं हिला.

दोन दिवस आजोबा माझ्याकडं पाठ फिरवून जीपला टेकून बसायचे. तिसऱ्या दिवशी नळी निघाली. चौथ्या दिवशी पोरीनं बिस्किट मागितलं आणि नर्सबाईला चावलीसुद्धा.

पाचव्या दिवशी आजोबा दारात उभे राहिले, हात पुढं करून.

"किल्ली द्या म्याडम. पोरीला न्यायचंय."

"नांदेडला?" मी मुद्दामच विचारलं.

त्यांनी डोळ्याला उपरणं लावलं. "घरी."