भरल्या टाकीची मशीन

सुधाकरराव पेंडुरकर वस्तू वापरण्यासाठी घेत नसत, सांभाळण्यासाठी घेत. अंधेरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते, तो धंदा अंगात मुरलेला. मनवेलपाड्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. मिक्सर पाहुणे आले की खोक्यातून बाहेर येतो आणि पाहुणे उठले की खोक्यात जातो. त्यांच्या पत्नी विनयाताई म्हणायच्या, "बरं झालं, मी खोक्यातून आले नाही. नाहीतर आजवर तिथंच असते."

निवृत्तीनंतर त्यांनी गास गावात पाच गुंठे जागा आणि त्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. शनिवारी जायचं, सोमवारी परतायचं. आवारात आंबा, फणस आणि शेवगा. कधीमधी फांद्या छाटायला लागतील म्हणून झाड कापायची छोटी मशीन घ्यायचं ठरलं, आणि मग तीन महिने दुकानं पालथी घालणं सुरू झालं. विनयाताई म्हणाल्या, विजेवरची घ्या, हलकी असते. सुधाकरराव म्हणाले, "वादळात झाड पडतं तेव्हा सगळ्यात आधी लाइट जाते. मग काय, फुंकर मारून चालवू?" दुकानदार मोठी मशीन गळ्यात मारायला बघत होता. त्यालाही त्यांनी सुनावलं, की मला जंगल तोडायचं नाही. शेवटी चौदा इंची पात्याची, पेट्रोलवरची घेतली. निवड अगदी चोख होती. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते निवडीमुळं झालं नाही.

दुकानदारानं सगळं समजावलं. पेट्रोलमध्ये ऑइल मापानं मिसळा, चेनचं तेल वेगळं, चेन फार ताणू नका. "आणि काका, महिन्यातून एकदा पाच मिनिटं तरी चालवा. वापरणार नसाल तर टाकी रिकामी करून ठेवा. पडून राहिलं की पेट्रोल सडतं." सुधाकररावांनी हे सगळं सुवाच्य अक्षरात डायरीत लिहून घेतलं.

महिनाभरानं दसरा आला. मशीन पाटावर ठेवली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. तेवढ्यात त्यांना आईचं बोलणं आठवलं. रिकामं कधी पुजू नये, कलशसुद्धा भरूनच ठेवतात. मग त्यांनी टाकी काठोकाठ भरली. पूजा झाल्यावर मशीन पुसून, कापडात गुंडाळून कपाटात गेली ती भरल्या टाकीनिशी. पुढच्या दोन दसऱ्यांनाही तसंच. पातळी उतरलेली दिसली की वरून थोडं घालायचं. चालवली मात्र एकदाही नाही. पात्याला ओरखडा पडला असता ना!

शेजारी काळूराम. गासचा जुना शेतकरी, भात आणि वांगी करणारा. त्याची बायको भागूबाई मोगऱ्याचे गजरे करायची. तिच्या हातचा गजरा इतका घट्ट की फूल गळायचं नाही. शनिवारी विनयाताईंसाठी एक गजरा कुंपणावर ठेवलेलाच असायचा. एकदा काळूरामनं मशीन मागितली. त्याच्या गोठ्यावर शिरीषाची फांदी वाळत आली होती. सुधाकरराव म्हणाले, "अहो, चेन बसवायची राहिलीय." चेन बसवलेली होती. काळूराम म्हणाला, "ऱ्हाऊ दे, भाऊ." आणि ती फांदी तशीच राहिली.

तिसऱ्या दसऱ्यानंतरच्या मे महिन्यात एका दुपारी वादळ आलं. लाइट गेली, पत्रे उडायला लागले. भागूबाई गाय सोडायला गोठ्यात गेली आणि ती फांदी गोठ्यावर कोसळली. गाय सुटली, पण भागूबाईचा उजवा हात मनगटापाशी फांदी आणि दगडी गव्हाणीच्या मध्ये सापडला. पाच माणसांनी जोर लावला तरी फांदी हलेना. काळूराम कुंपणावरून ओरडला, "भाऊ, मशीन आना!"

सुधाकरराव धावले. दोरी ओढली. एकदा, दहादा, तीसदा. मशीन खोकलीसुद्धा नाही. झाकण उघडून त्यांनी टाकीत पाहिलं, टाकी भरलेली होती. काळूराम वाकला, एक क्षण थांबला, आणि कुऱ्हाड आणायला वळला. सुधाकररावांच्या तोंडून निघून गेलं, "कोरी करकरीत मशीन हो! कंपनीनं गंडवलं आपल्याला!"

मग कुऱ्हाड आणि करवत. कुऱ्हाडीचा घाव पडला की फांदी हादरायची आणि भागूबाई किंचाळायची. म्हणून करवतीनं, हळूहळू. वीस मिनिटांच्या कामाला दोन तास लागले. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर पंजा वाचला असता. पंजा काढावा लागला.

पुढच्या आठवड्यात सुधाकरराव मशीन घेऊन गोखिवऱ्याला गेले. तिथल्या चिराग नावाच्या मेकॅनिकनं टाकीचं झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. "काका, हे पेट्रोल कधीचं? सडलंय पार. कार्बोरेटरमध्ये गोंद झालाय बघा." त्यानं कार्बोरेटर धुतला, नवं पेट्रोल घातलं. तिसऱ्या ओढीला मशीन सुरू झाली. तिचा आवाज ऐकून सुधाकरराव दुकानाच्या पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. चिरागला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. त्यानं पाणी आणून दिलं.

त्यानंतर ते बदलले. दर महिन्याला मशीन चालवायची, काम झालं की टाकी रिकामी करायची, गोल कानशीनं चेनचा दात न् दात घासायचा. गासमध्ये कुणाचीही फांदी असो, बोलावण्याआधी हजर. माणसं म्हणायची, पेंडुरकर म्हणजे देवमाणूस. हे ऐकलं की ते मान खाली घालून मशीन उचलत आणि निघत. कारण खरी गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, विनयाताईंनासुद्धा नाही. कंपनीनं गंडवलं, हेच गावभर झालं होतं.

जानेवारीत एका रविवारी काळूरामची मुलगी दिपिका त्यांना बोलवायला आली. ती बँकेत कामाला, हुशार मुलगी. ओटीवर काळूराम बसला होता. शेजारी भागूबाई डाव्या हातानं आणि दातांनी दोरा धरून गजरा करू पाहत होती, आणि फुलं मांडीवर गळत होती. दिपिकानं कागद पुढे केला. "काका, ग्राहक मंचात कंपनीवर तक्रार टाकतेय. मशीनचं बिल द्या आणि इथे सही करा. नवी मशीन ऐनवेळी बंद पडते म्हणजे काय? आईच्या हाताचा जाब त्यांना द्यायलाच लागेल."

सुधाकररावांनी पेन हातात घेतलं. सही केली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं. भागूबाईनं मांडीवरची फुलं वेचायला घेतली आणि त्यांना पुढे पाहवेना.

"मशीन चांगली होती," ते म्हणाले. "दोष माझा. तीन वर्षं मी ती चालवलीच नाही. पेट्रोल आतल्या आत सडलं. दुकानदारानं बजावलं होतं, डायरीत लिहिलेलं आहे. त्या दिवशी कंपनीनं गंडवलं म्हणालो, ते खोटं होतं. वहिनी, तुमचा हात माझ्यामुळे गेला."

काळूरामनं दिपिकाच्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि बाजूला ठेवला.

"मना ठाव व्हतं," तो म्हणाला. "तुमी झाकन उघडलं तवाच वास आला. माजा पान्याचा पंप पेट्रोलवरचा हाय, सडल्या पेट्रोलचा वास मना कलतो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत? मला चार शिव्या तरी द्यायच्या!"

"शिव्या देऊन हिचा हात येनार व्हता?" काळूरामचा आवाज चढला नाही. "मी वाट बगत व्हतो, तुमी कवा सांगताव. फांदी कापाया आमाला दोन तास लागले, भाऊ. तुमाला आठ महिने लागले."

भागूबाईनं मान वर केली नाही. सुधाकरराव तिथेच उभे राहिले. बसा, असं त्यांना कुणी म्हटलं नाही.