मनीषाच्या लग्नातले माझे भाषण

प्रिय नातवंडांनो,

सकाळी सातच्या एसटीने यवतमाळ सोडले. पर्समध्ये पाण्याची बाटली, औषधे आणि भाषणाचे दोन कागद होते; मागच्या कप्प्यात त्यांची प्रत. नर्सिंग शिकताना तीन वर्षे आपल्या मागच्या खोलीत राहिलेल्या मनीषाचे लग्न होते. तिच्या वडिलांनी मला चार शब्द बोलायला सांगितले होते. मी सहाशे लिहिले.

दारव्ह्याहून तिच्या तांड्याला (बंजारा वस्तीला) जीप जाते. मी सुटण्याची वेळ विचारली.

"भरली का निघते, आजी. घडी कायले पाहून राह्यल्या?" चालक म्हणाला.

अकरा माणसे आणि आहेराचा एक कूलर चढल्यावर ती भरली. कूलरचा कोपरा माझ्या मांडीवर होता. बाहेर कपाशी फुटली होती, असे शेजारीण म्हणाली. मला कूलर दिसत होता.

लग्न लागले. आलू-वांग्याची भाजी, वरण, पोळी, बुंदी, सगळे उत्तम. पण माझ्या भाषणाआधीच पाठवणी सुरू झाली. इथे नवरी एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो (निरोपाचे रडगाणे) गाते. शब्द त्या त्या माणसासाठी, तिथेच सुचलेले.

मग ती माझ्या गळ्यात पडली. "याडी (आई)," म्हणून गाऊ लागली. तिची काकू मला अर्थ सांगत होती.

"म्हनते, झोपाच्या आंधी चार खेपा गॅस पाहे माही याडी. म्हनते, वाढदिवसाले तुमाले कार्ड लिहिलं, त्यात बी लाल पेनानं चुका काढल्या."

खरे होते. नऊ होत्या.

गाणे थांबले. मनीषाने हात सोडले नाहीत.

"तुमी बी म्हना काही," काकू म्हणाली. "पोरगी थांबून राह्यली."

मी पर्स उघडली, चष्मा लावला. कागदावर पहिला शब्द 'मान्यवर' होता.

"कागद पाहून कोनी रडते का, बाई?" काकू म्हणाली.

मी कागदाची घडी घातली. तोंडून निघाले, "गॅस मी बघेन गं. तू नीट जा." त्यापुढे रडू आले. ते मुद्देसूद नव्हते.

"सूर नाही," काकूने निकाल दिला, "पन चालते."

मनीषा रडता रडता हसली आणि गाडीत बसली.

परतीच्या जीपची वेळ मी विचारली नाही. तुमची आई परदेशी निघाली, तेव्हा विमानतळावर मी तिला सामानाची यादी वाचून दाखवली होती. एकही वस्तू राहिली नव्हती.

घरी पोचताच तिला फोन लावला.

"आई, आज रविवार नाही," ती घाबरली. "काय झालं?"

"काही नाही."

पुढचे लिहून ठेवले नव्हते. तिने फोन ठेवला नाही. मीही नाही.