मोठी आई आमच्याकडे आली तेव्हा

सुमन,

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी एसटीत बाबांचा मोडलेला उजवा हात माझ्या मांडीवर होता. मनगटाजवळ हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. काटोल येईपर्यंत आमच्याकडे कुणी पाहिलं नाही. मी बारा वर्षांची होते.

तू तेव्हा आजोळी होतीस, म्हणून सगळं लिहिते. नाताळ तीन आठवड्यांवर आला होता. रविवारी सकाळी आम्ही घरातच प्रार्थनेला बसलो होतो. प्रभू येत आहे, असं बाबा वाचत होते, तेवढ्यात शेजारीण ओरडली, "ते येऊन राहिले!"

पंधरा-वीस माणसं होती. सगळ्यांत पुढे तुझे बाबा, हातात विहिरीवरच्या पंपाचा लोखंडी पाइप. "ख्रिस्ती होऊन खानदानाचं नाव बुडवलं यानं," म्हणत त्यांनी तो सख्ख्या भावाच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. आईला केस धरून अंगणात ओढलं, लाथा घातल्या. तिला सातवा महिना होता. तुझी आई, माझी मोठी आई, धावत आली आणि तिच्यावर आडवी पडली. पाठीवर घाव झेलत किंचाळत राहिली, "मले मारा! तिच्या पोटात लेकरू हाय!"

आई वाचली. बाळ नागपुरात मेलेलंच जन्मलं.

जरीपटक्याच्या बाजारात दुकानांवरची एक खोली मिळाली. संत्र्याची कलमं बांधणारे बाबा वॉचमन झाले. रोज संध्याकाळी म्हणायचे, देव विश्वासू आहे. एकदा मी भडकले, "तेव्हा कुठं होता तो?" बाबा म्हणाले, "मले नाही माहीत, बेटा. पण त्यानं मले सोडलं नाही, एवढं समजते."

माझं तसं नव्हतं. दर डिसेंबरला चर्चमध्ये 'तो येत आहे' ऐकलं, की मला पाइप घेतलेली माणसंच दिसायची.

गेल्या नाताळाआधी एका दुपारी मोठी आई आमच्या दारात उभी होती. डोळा सुजून बंद, कानातून रक्त. "त्या दिवसाचा राग अजून माझ्यावरच काढून राहिले," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तुझे बाबा आले. भर बाजारात शिव्या देत जिन्याशी पोचले. बाबा खाली उतरून आडवे उभे राहिले.

"दादा, मले मार. वहिनी येणार नाही."

तुझ्या बाबांनी तोंडावर ठोसा मारला. बाबांचा दात पडला, रक्त शर्टावर सांडलं, पण ते हलले नाहीत. पुन्हा हात उचलला तेव्हा दुकानदारांनी तो धरला. बाबा नको म्हणत होते, तरी मी पोलिसांत तक्रार दिली. त्याची मला लाज नाही.

नाताळच्या उपासनेत मोठी आई माझ्याजवळ बसली होती. तिला गाणी येत नव्हती. तो येत आहे, असं पाळकांनी वाचलं आणि मला पहिल्यांदा पाइप दिसला नाही. तिच्या अंगावर धावून येणाऱ्याच्या आधी कुणीतरी तिच्यापर्यंत पोचलं होतं, असं वाटलं. देवाचा विश्वासूपणा मला तेवढाच कळतो.

काल फोनवर तू विचारलंस, "आईले घरी काहून पाठवत नाही?" सुमन, ती घरीच आहे. आत्ता दुपारी पंख्याखाली निवांत घोरते आहे. गावातल्या घरात ती अशी कधी झोपली होती का, तूच आठवून सांग.