शनिवारी वादळ

बडोद्यात ऐन वैशाखात कोणी स्वेटर घालून स्कूटर चालवताना दिसला, तर तो एक तर तापाने फणफणलेला असतो, नाही तर लक्ष्मीकांत दिघे असतो. दांडिया बाजारातल्या लोकांना आता त्याचं काही वाटत नाही. नवीन भाडेकरू तेवढे विचारतात, "काकांना बरं नाही का?" आणि शेजारीपाजारी सांगतात, "बरं आहे. सर्व्हरवर असतात."

लक्ष्मीकांतराव पादरा गावाच्या रस्त्यावरच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात आहेत. तिथे भट्टी आहे, वेल्डिंग आहे, वर तापलेला पत्रा आहे. आणि या सगळ्याच्या मधोमध काचेच्या दाराआड एक खोली आहे, जिथे बारा महिने डिसेंबर असतो. ही थंडी लक्ष्मीकांतरावांसाठी नाही, सर्व्हरसाठी आहे. पण यंत्राला एकट्याला थंडीत सोडणं बरं दिसत नाही, म्हणून ते सोबतीला बसतात. इतकी वर्षं बसले आहेत, की बाहेर आल्यावर स्वेटर काढायचा असतो हे ते विसरून गेले आहेत.

सर्व्हर म्हणजे दिसायला लोखंडी कपाट. कपाटात यंत्र एकच, पण त्याच्या पोटात सात यंत्रं आहेत, आणि ती सातही नाहीत. म्हणजे आहेत, पण नाहीत. पगाराच्या यंत्राला वाटतं आपला स्वतंत्र बंगला आहे, हजेरीच्या यंत्राला वाटतं आपलाही आहे. प्रत्यक्षात सगळे एकाच खोलीत चटया टाकून पडलेले. या विद्येत मोठ्या यंत्राला यजमान आणि पोटातल्या यंत्रांना पाहुणे म्हणतात. हे नाव दिघ्यांनी पाडलेलं नाही, इंग्रजीतही तसंच म्हणतात. पण इंग्रजांनी ते म्हटलं आणि सोडून दिलं. दिघ्यांनी मनावर घेतलं.

सकाळी ते खोलीत शिरले की आधी सातही पाहुण्यांची विचारपूस होई. महिनाअखेरीला पगाराला जागा कमी पडू लागली की बाकीच्यांना विनंती होई, "मंडळी, जरा सरकून घ्या. दोन दिवसांचा प्रश्न आहे." त्यांच्या बायकोने, निरुपमावहिनींनी, एकदा हे कारखान्याच्या वर्धापनदिनाला स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"माझा भाऊ चार दिवस राहायला आला," त्या घरी परतताना म्हणाल्या, "तेव्हा त्याची बॅग कुठे ठेवली होतीत तुम्ही?"

"गच्चीवर. अगं, पण तो काही पगार करत नव्हता."

असं सगळं थंड आणि सुखाचं चाललेलं असताना मालक हसुभाई शेठ कुठल्याशा संमेलनाला गेले आणि क्लाउड घेऊन परतले. येताना फतेगंजात ऑफिस थाटलेल्या कुणाल शिर्के नावाच्या सल्लागारालाही घेऊन आले.

"दिघेभाई, आपलं सगळं आता वर," हसुभाई म्हणाले. "पगार वर, हजेरी वर, हिशेब वर. खाली काही नको."

"आणि यजमान?"

"कोण यजमान?"

"सर्व्हर, शेठ."

"भंगारमां. खोलीत शेठाणींच्या केसरच्या पेट्या ठेवू. गिऱ्हाइकांना द्यायचे आंबे दर वर्षी उन्हाने डागाळतात. तुम्ही डिस्पॅचला बसा. काट्याजवळ. हवा खेळती आहे."

डिस्पॅचची हवा खेळती होती हे खरं. ती दोन पत्र्यांच्या मधे खेळायची आणि तव्यावरून उठून आल्यासारखी अंगावर यायची. लक्ष्मीकांतरावांच्या डोळ्यांसमोर ट्रक तोलायचा काटा आला, धूळ आली, ड्रायव्हरांचे आवाज आले, आणि त्या सगळ्यात घामाने निथळणारे आपण आलो. बाकी त्यांना आयुष्यात फारसं काही नको होतं. ती खोली तेवढी हवी होती. पण हे कोणत्या तोंडाने सांगणार? यंत्राला थंडी लागते असं सांगता येतं, माणसाला लागते असं कसं सांगायचं?

हसुभाईंना त्या सुमाराला मातृभाषेचाही उमाळा आलेला होता. "क्लाउड, क्लाउड काय करता? आपल्या भाषेत शब्द नाही? वादळ म्हणा!" गुजरातीत वादळ म्हणजे ढग, तेव्हा शेठचं काही चुकलं नव्हतं. ऑफिसातल्या गुजराती मंडळींत वादळ हा शब्द रुळला. आणि लक्ष्मीकांतरावांच्या डोक्यात तर गुजराती आणि मराठी लहानपणापासून एकाच चाळीत राहत होत्या. कोणाची वाटी कोणाकडे गेली याचा पत्ता त्यांना स्वतःलाही नसे.

स्थलांतराचा शनिवार ठरला. कामगारांमध्ये खानदेशातली पुष्कळ माणसं. त्यांच्यासाठी मराठीत निरोप लिहायचं काम अर्थातच दिघ्यांवर आलं. जड अंतःकरणाने त्यांनी कारखान्याच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकलं:

"सर्वांस कळावे. येत्या शनिवारी वादळ. सकाळपासून सर्व्हर वर जाणार. कोणीही काम करू नये, मशीनला हात लावू नये. आपापलं महत्त्वाचं सुरक्षित जागी ठेवावं. सोमवारी जे उरेल ते तपासून घेऊ. ल. वि. दिघे."

आता गुजरातीत वादळ म्हणजे ढग असेल. मराठीत वादळ म्हणजे वादळच. त्यातून दिवस उन्हाळ्याचे, समुद्र काही फार लांब नाही, आणि सांगणारा कोण? तर दिवसभर थंड खोलीत पडद्यावरचे आकडे बघत बसणारा माणूस. त्याला नाही कळणार तर कोणाला? निरोप ग्रुपवरून बायकांकडे गेला, बायकांकडून माहेरी गेला, पाणीगेटाला पोचेपर्यंत त्याला वाऱ्याचा वेग चिकटला आणि फतेगंजात एका मुंजीचा मांडव आदल्या दिवशीच उतरवला गेला. मुंज हॉलमध्ये हलवली. बटूच्या आत्याने "दिघेसाहेबांचे उपकार" असं लिहून सगळीकडे पाठवलं.

शुक्रवारी दुपारी निरुपमावहिनींचा फोन आला.

"काय हो, वादळ येतंय हे तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय! महिनाभर माहीत आहे."

"महिनाभर! आणि मला शेजारच्या मंदाकडून कळतंय?"

"तुला त्रास नको म्हणून बोललो नाही. आपल्या हातात काय आहे?"

"येतंय कुठून?"

"मुंबईहून. तिथेच त्यांचा सगळा कारभार."

"किती दिवस राहील?"

"आता कायमचंच, निरू. एकदा आलं की जात नाही."

पलीकडचा आवाज बारीक झाला. "नुकसान किती होईल?"

"बाकी कोणाचं काही नाही होणार," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "माझं मात्र सगळं जाईल."

वहिनींनी फोन ठेवला आणि देव, पापड आणि नवऱ्याचे कागदपत्र या क्रमाने सगळं पोटमाळ्यावर चढवलं.

शनिवार उजाडला. आकाश असं लख्ख, की बोट लावलं तर डाग पडेल. बडोद्याची सगळी मराठी घरं खिडक्या लावून आत उकडत बसली होती. लक्ष्मीकांतराव कारखान्यात जायला निघाले, तर वहिनींनी दाराला पाठ लावून सांगितलं, "आज या घरातून कोणी बाहेर जाणार नाही." त्यांना वाटलं, खोली रिकामी होताना मी बघू नये म्हणून ही मला अडवते आहे. किती समजूतदार बायको! ते पाणावल्या डोळ्यांनी पुन्हा खाली बसले. तसंही काम फतेगंजातून कुणालच करणार होता. सकाळपासून एकेक पाहुणा तारेतून मुंबईला रवाना होत होता.

पाच पाहुणे पोचले आणि कुणालचा फोन वाजला.

"काका, लाइन का गेली? हजेरी आणि काटा हे शेवटचे दोन पाहुणे अर्ध्या वाटेत आहेत. यजमान उत्तरच देत नाहीये!"

यजमान उत्तर देत नाही म्हटल्यावर मात्र लक्ष्मीकांतरावांना कोणाची पाठ अडवू शकली नाही.

कारखान्यात शुकशुकाट होता. काचेचं दार सताड उघडं. आत एसी घुमत होता आणि यजमानाच्या जागी केसर आंब्याच्या पेट्या भिंतीपर्यंत रचलेल्या होत्या. टेम्पोवाल्याला खोली रिकामी दिसली, त्याने माल उतरवला, निघून गेला.

"सर्व्हर!" लक्ष्मीकांतराव ओरडले. "सर्व्हर कुठे आहे?"

"काळजी नको, साहेब," शेजारच्या मशीनशॉपमधून फोरमन बळवंतरावांचा आवाज आला. "वर आहे."

लक्ष्मीकांतरावांनी वर पाहिलं. छपराखालच्या क्रेनच्या आकड्याला, निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं, काथ्याने आवळलेलं त्यांचं कपाट हवेत लोंबकळत होतं. हळूहळू स्वतःभोवती फिरतही होतं.

"तुम्हीच लिहिलं होतं ना, सर्व्हर वर जाणार?" बळवंतराव घाम पुसत म्हणाले. "पूर आला तरी पाण्याचा थेंब लागणार नाही."

"मी लिहिलं होतं, मशीनला हात लावू नका!"

"हात कुठे लावला? क्रेन लावली."

"पण का, बळवंतराव, का?"

"असं काय करता, साहेब? वादळ येणार म्हणून!"

त्या शब्दासरशी लक्ष्मीकांतरावांच्या डोक्यातल्या दोन्ही भाषा चाळीच्या गॅलरीत आल्या आणि एकमेकींकडे बघत राहिल्या. बंद खिडक्या, पोटमाळ्यावरचे देव, दाराला लावलेली पाठ, सगळं एकदम लख्ख झालं. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. हसुभाई आत आले, त्यांनीही वर पाहिलं.

"आ शुं छे, दिघेभाई?"

खरं सांगायचं तर फार लांबलं असतं. लक्ष्मीकांतरावांच्या तोंडून एवढंच निघालं, "शेठ, वादळमां छे."

हसुभाई बराच वेळ मान वर करून उभे राहिले. "असंच असतं?"

"नाही, शेठ."

"मग उतरवा."

उतरवता येईना. वर न्यायला आलेला क्रेनवाला सर्व्हर चढवून, रिमोट कमरेला लावून, वादळाआधी घर गाठायचं म्हणून निघून गेला होता. त्याच्या फोनवर घंटा वाजत राही; बायकोने विजा चमकतील या भीतीने फोन डब्यात बंद केला होता. तेव्हा सोमवारपर्यंत दोन पाहुणे पोटात घेऊन यजमान अधांतरी लटकत राहिला आणि हसुभाई त्याच्याखाली खुर्ची टाकून बसले. बसल्या बसल्या त्यांनी कुणालला फोन लावला.

"शिर्केभाई, तार तुटली तर काटा बंद?"

"बंद, शेठ."

"आणि काटा बंद तर ट्रक?"

"उभे राहणार."

ट्रक उभा राहिलेला हसुभाईंना स्वप्नातही सहन होत नाही. त्यांनी फोन ठेवला. सोमवारी क्रेनवाला डोळे चोळत आला, कपाट खाली उतरलं, ताडपत्री सुटली, आणि जरा खोकून यजमान चालू झाला. हजेरी आणि काटा धडधाकट निघाले, प्रवासाची त्यांना कल्पनाही नव्हती.

"पाच वर राहू दे," हसुभाईंनी निकाल दिला. "हे दोन इथेच. खोलीत नेऊन ठेवा."

"खोलीत आंबे आहेत, शेठ," बळवंतराव म्हणाले.

आंबे हलवायचे तर शेठाणींना सांगायला हवं होतं. हसुभाई शेठाणींना काही सांगत नाहीत. ते म्हणाले, "मग डिस्पॅचला न्या. काट्याचं यंत्र काट्याजवळ. दिघेभाईंनाही मी तिथेच तर बसा म्हटलं होतं."

लक्ष्मीकांतराव गेले. पण यजमान त्या पत्र्याखाली दोन तासांत तापून बंद पडला आणि काट्यावर सहा ट्रक उभे राहिले. मग मात्र धावपळ झाली. आठवड्याच्या आत काट्याला खेटून काचेची नवीकोरी केबिन उभी राहिली, आणि यंत्राला पुरून उरेल असा दांडगा एसी बसला. आता पादऱ्याकडचे ड्रायव्हर वजनाची पावती घ्यायला येतात आणि आणखी एखादं वजन शिल्लक असल्यासारखे तिथेच घोटाळतात. बळवंतराव ड्रॉइंग समजून घ्यायला येतात. दिघ्यांना ड्रॉइंगमधलं काही कळत नाही, तरी ते सावकाश समजावून सांगतात. सगळ्यांत कोपऱ्यातली खुर्ची हसुभाईंची. जेवण झालं की ते येतात, डिस्पॅचवर नजर ठेवायला हवी असं म्हणतात, आणि डोळे मिटतात. मग लक्ष्मीकांतराव ओठांवर बोट ठेवून ट्रकवाल्यांना बाहेरूनच खूण करतात, की जरा हळू, आत माणसं आहेत.